‘कॉटन’ : मराठी प्रतिशब्दांची निवड

अनेकार्थी इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द निवडताना तो शब्द त्या ठिकाणी कोणत्या वस्तूस उद्देशून आला आहे, हे प्रथम ठरवावे लागते. ‘कॉटन’ हे याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजीत झाड, बोंडातून वेचलेला माल, सरकी काढलेले तंतू, सूत व कापड या सर्वांस हा एकच शब्द चालतो. वऱ्हाडात मात्र अवस्थेगणिक नाव बदलते. अमरावती-अकोल्याकडे शेतात उभी असते ती पऱ्हाटी (वेचणीनंतर जळणासाठी उपटतात त्याही पऱ्हाट्याच). बाजारात येतो तो कापूस. जिनात सरकी वेगळी होऊन निघते ती रुई. प्रेसमध्ये गाठी बांधतात त्या रुईच्या.

कापूस व रुई यांतील भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. १०० किग्रॅ. कापसापासून सुमारे ३३ ते ३६ किग्रॅ. रुई मिळते, उरते ती मुख्यतः सरकी. हेक्टरी उत्पादनाचे इंग्रजी आकडे बहुधा रुईचे असतात. कोशातील पहिलाच प्रतिशब्द उचलून तेथे ‘कापूस’ लिहिले, की पीक कागदावर तिसऱ्या हिश्शावर येते. भावाच्या बाबतीत उलट घडते : रुईचा भाव कापसाचा म्हणून छापला गेल्यास, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यास आपण नाडले गेलो असे वाटते.

घरगुती भाषेत मात्र वातींचा व दवाखान्यातील कापूस, सरकी नसूनही, कापूसच म्हणवतो; तेथे ‘रुई’ लिहिणे विपरीत दिसेल.