सकाळी ११२, तरी एचबीएवनसी ८ कसा?

शुगर निघाली की पहिले काही आठवडे घरात नवा कारभार सुरू होतो. चहातली साखर जाते, भाताची वाटी लहान होते, ग्लुकोमीटर टीव्हीशेजारची जागा पटकावतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण मेथी, कारलं किंवा जांभळाच्या बिया सुचवूनच उठतो. मग एक दिवस कोडं पडतं. सकाळी उपाशीपोटी मशीन ११२ दाखवतंय आणि लॅबच्या रिपोर्टात एचबीएवनसी मात्र ८! मशीन बिघडलं, की लॅबवाल्यांनी घोळ घातला?

बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. मशीन त्या क्षणापुरतं सांगतं. एचबीएवनसी ८ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली शुगर सरासरी १८३ च्या आसपास. पहाटे शहाण्यासारखी वागणारी शुगर पोहे आणि चहानंतर दोनशेच्या पुढे उडी मारत असेल, तर सकाळच्या थेंबाला त्याची खबर कुठून असणार? म्हणून अधूनमधून जेवणानंतर दोन तासांनीही बोट टोचायचं असतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. आणि हो, हात धुऊन. आंबा चिरल्यावर तसंच मोजलं, तर मशीन रक्ताबरोबर हापूसचीही साखर मोजतं आणि घरभर धावपळ उडते.

सरासरीची नोंद रक्तात होते कशी, हा भाग मोठा गमतीचा आहे. तव्यावरच्या पोळीला तपकिरी ठिपके पडतात, ते तापलेली साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात म्हणून. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. तिचीच पहिली पायरी माणसाच्या अंगात ३७ अंशांवर, कोणत्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय, अहोरात्र चालू असते. ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला येऊन बसतं आणि एकदा पक्कं बसलं की तांबडी पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तिथून हलत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितकं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन जास्त. (पोळी अशी खरपूस भाजली तर चविष्ट लागते, माणसाला मात्र ते मानवत नाही.)

साखर चिकटलेल्या या हिमोग्लोबिनचा मधुमेहाशी संबंध ज्याने जोडला, त्याचं नाव रिपोर्ट हातात घेणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी ऐकलेलं असतं. तेहरान विद्यापीठातले सॅम्युएल रहबर मधुमेहाच्या मागावर नव्हतेच. ते रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे वेगळे, विकृत प्रकार शोधत होते. विद्युतप्रवाह लावून हिमोग्लोबिन सरकवायचं आणि त्याचा पट्टा नेहमीच्या जागी उमटतो का, ते पाहायचं, असं ते काम. त्यात एक पट्टा जरा जास्तच वेगाने पुढे सरकलेला दिसला. चौकशी केली तर रुग्णाला मधुमेह. रहबर यांनी मग मुद्दाम मधुमेहींचं रक्त तपासलं आणि तिथेही तोच पट्टा हजर! १९६८ मध्ये त्यांनी हे एका छोट्याशा निबंधात मांडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी यांच्यासोबतचा त्यांचा निबंधही आला.

१९७६ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या कोनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी अवघ्या पाच रुग्णांवर दाखवून दिलं की शुगर आटोक्यात आली की हा आकडाही उतरतो. इराणमधल्या क्रांतीनंतर रहबर अमेरिकेत स्थायिक झाले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने निदानासाठी ही चाचणी २०१० मध्ये मान्य केली. रहबर यांचा गौरव केला तो २०१२ मध्ये, आणि त्याच वर्षी ते वारले. इन्सुलिनमुळे बँटिंग आणि बेस्ट पाठ्यपुस्तकांत गेले. रहबर यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात ते त्या १२० दिवसांमुळे. तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीचा आकडा गोंडस करता येतो, एचबीएवनसीला तसं फसवता येत नाही. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा निम्मा असला तरी आधीचे दोन महिने पुसले जात नाहीत. त्यामुळे 'पंधरा दिवसांत एचबीएवनसी नॉर्मल' अशी जाहिरात दिसली, तर महिन्या-दोन महिन्यांपूर्वीच्या पेशी गेल्या कुठे, एवढंच विचारावं. टाइप २ मधुमेह काही जणांत खरोखर मागे हटतो. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्णांची शुगर औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण त्यासाठी त्यांनी देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर काढले होते. दोन वर्षांनी तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. जाहिरातीत हा तपशील नसतो.

मात्र या आकड्यालाही डोळे मिटून मान डोलावू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो आणि लोहाच्या गोळ्या लागू पडल्यावर शुगर जागच्या जागी असूनही खाली येतो. बाई बिचारी पथ्य आणखी कडक करत बसते, आणि गरज असते ती हिमोग्लोबिन तपासण्याची.

गडचिरोली, नंदुरबारकडे अडचण उलटी. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा विकृत हिमोग्लोबिनचा आजार बराच आढळतो. हा आजार असलेल्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवस कुठल्या, दहा-वीस दिवसांतच मोडतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि शुगर भरपूर असूनही एचबीएवनसी निर्धास्त करणारा येतो. म्हणजे रहबर ज्या विकृत हिमोग्लोबिनच्या शोधात निघाले होते, तेच इथे त्यांच्या चाचणीला चकवतं. अशा रुग्णांसाठी हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात. फ्रुक्टोसामाइन नावाची ती चाचणी गेल्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते.