सुईआधी डॉप्लर

दिवाळीनंतर जळगाव जामोदच्या शिवारात कापसाची वेचणी भरात येते. सकाळपासून उभ्याने, वाकून दिवस जातो आणि संध्याकाळी पोटऱ्या ठणकू लागतात. मांडीपासून घोट्यापर्यंत निळसर, वेड्यावाकड्या शिरा उठून दिसल्या, की कुणी तेल चोळायला सांगतं, कुणी जळवा लावायला. हल्ली तिसरा सल्लाही मिळतो: "इंजेक्शन घ्या, कापाकापी नाही." हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे.

शिरांमधल्या झडपा रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. त्या निकामी झाल्या की रक्त साचतं आणि शीर फुगते. सुश्रुताने शिराज ग्रंथीचं, म्हणजे शिरांच्या गाठीचं, कारण सांगताना दुबळ्या माणसाच्या श्रमाकडे बोट दाखवलं होतं. आजचे डॉक्टर त्यात घरातला वारसा, बाळंतपणं, वजन, वय आणि तासन्‌तास उभं राहणं यांची भर घालतात.

इंजेक्शनमध्ये पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट असतं. हे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला मुद्दाम इजा करतं. मग भिंती एकमेकींना चिकटतात आणि शीर हळूहळू आक्रसते. शीर बंद झाल्यावर रक्त जाणार कुठून, ही भीती रास्त असली तरी पायातलं बहुतेक रक्त मुळात खोलवरच्या शिरांतूनच वर जातं. म्हणून आधी त्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे पाहावं लागतं.

मोठ्या शिरांसाठी औषधाचा फेस करतात. २००० साली इटलीचे लोरेन्झो तेसारी यांनी त्याची सोपी युक्ती प्रसिद्ध केली. दोन सिरिंजांच्या मधे तीन तोंडांची तोटी बसवायची, एक भाग औषध आणि चार भाग हवा घ्यायची, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायचं. दाट पांढरा फेस तयार होतो. तो रक्ताला बाजूला सारून भिंतीला भिडतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर स्पष्ट दिसतो. एका बैठकीत तो साधारण १० मिलिलिटरपेक्षा जास्त देत नाहीत.

खरा निर्णय मात्र डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत होतो, आणि ती रुग्णाला उभं करूनच करायची असते. जांघेतली झडप गळत असेल, तर वरवरचा गुंता सुईने बंद करून फारसं साधत नाही. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेसर, फेस आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१९ साली आलेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत रुग्णांच्या आयुष्याच्या दर्जाबाबत फेस मागे पडला. म्हणून मोठ्या शिरेला डॉक्टर लेसर सुचवत असतील, तर त्यात केवळ पैशाचा वास शोधू नये. उरलेल्या बारीक शिरांना आणि ऑपरेशननंतर पुन्हा उठलेल्यांना सुई चांगली.

घोट्याच्या आतल्या बाजूला जखम असेल तर वाट पाहत बसू नये. ४५० रुग्णांच्या एका ब्रिटिश अभ्यासात शिरांवर लवकर उपचार केलेल्यांची जखम मध्यकानुसार ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांची ८२ दिवसांत. यांतल्या अनेकांना फेसाचंच इंजेक्शन दिलं होतं.

आणखी एक गोष्ट या भागासाठी महत्त्वाची. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार जुनी आहे. मूत्रपिंड बिघडलं तरी पाय सुजतात, म्हणून दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर शिरांना दोष देण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्यावी.

सुईनंतर लगेच चालायचं असतं. अंथरूण धरणं चुकीचं. घट्ट मोजे डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावे लागतात. वैशाखातल्या उन्हात ते कोण घालणार? पण हिवाळ्यात वेचणी असते, म्हणून तारीख ठरवताना हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. खामगाव-अकोल्याहून एसटीने परतताना गाडी थांबली की उतरून चार पावलं टाकावीत. शिरेवर तपकिरी रेषा, टणक गाठ काही महिने राहू शकते. गर्भारपणात हा उपचार टाळतात. आधी रक्ताची गुठळी झाली असेल, औषधाची ॲलर्जी असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर आधीच सांगावं. पोटरी अचानक सुजून दुखली किंवा दम लागला, तर थेट रुग्णालय गाठावं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.