सतारीचा बँजो का झाला?

दिवाळीच्या कार्यक्रमाची चाल हल्ली कोणीतरी संगणकावर स्वरलिपीत लिहिते आणि तिची मिडी फाइल घरोघरी सरावासाठी पाठवते. सोय छान आहे. पण त्या फाइलमध्ये सतारीऐवजी बँजो वाजू लागला किंवा संथ गाणे धावत सुटले, तर तुम्ही तसेच पाठ करता. एकदा चुकीचे पाठ झालेले गाणे तालमीत सुधारणे बाईंना किती जड जाते, ते त्यांनाच विचारा!

मिडी फाइलमध्ये आवाज मुळी नसतोच. अमुक सूर सुरू कर, आता थांबव, अमुक वाद्य घे, अशा नुसत्या आज्ञा असतात. वादकाच्या हाती दिलेली चिठ्ठीच म्हणा ना. म्हणून आधी पाहायचे, की चुकले कोण? चिठ्ठी की वादक? तीच फाइल दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये वाजवा. दोन्हीकडे तीच चूक ऐकू आली, तर दोष बहुधा चिठ्ठीत.

आता तो बँजो. १९९१ साली ठरलेल्या वाद्यांच्या यादीत १२८ क्रमांक आहेत. त्यात सतार १०५ वर आणि शहनाई ११२ वर आहे. (तबला आणि पेटी मात्र नाहीत! पेटीसाठी २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन त्यातल्या त्यात जवळचा.) आपण एकपासून मोजतो, फाइल शून्यापासून मोजते. हा फरक कुठे निसटला, की १०५ चे १०६ होतात, आणि १०६ म्हणजे बँजो.

चालीऐवजी नुसतीच ठोकाठोक ऐकू आली, तर चॅनल पाहा. एकूण १६ चॅनल असतात, पण त्या यादीच्या नियमाप्रमाणे दहावा तालवाद्यांसाठी राखीव. तिथे प्रत्येक सुराचे वेगळे तालवाद्य होते. मधला पांढरी एकचा सूर, म्हणजे क्रमांक ६०, तिथे बोंगो होऊन वाजतो.

गाणे धावत असेल, तर बहुधा फाइलमध्ये लय लिहिलीच गेलेली नाही. अशा वेळी मिनिटाला १२० मात्रा धरल्या जातात. स्वरलिपीवर नुसते ‘संथ’ लिहून संगणकाला कळत नाही. लयीच्या खास खुणेत आकडा भरावा लागतो. ध्रुवपद एकदाच वाजत असेल, तर फाइल काढताना पुनरावृत्ती उलगडण्याचा पर्याय निवडा. म्यूझस्कोरमध्ये तो आहे. आणि पांढरी एकमध्ये लिहिलेले गाणे काळी पाचमध्ये वाजले, तर वाद्य म्हणून क्लॅरिनेट निवडले आहे का ते बघा. नेहमीचा क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो.

सर्वांत फसवी चूक म्हणजे लांब सूर मध्येच तुटणे. दोन आवाज एकाच चॅनलवर एकच सूर धरतात, आणि आखूड सुराची ‘थांब’ ही आज्ञा लांब सुरालाही थांबवते. दोघांना वेगळे चॅनल द्या.

पालकांनी एक पाहावे. दुरुस्ती मूळ स्वरलिपीत करून फाइल नव्याने काढावी. मिडी फाइलवरून उलट स्वरलिपी काढू नये, कारण तिच्यात सुराला फक्त क्रमांक असतो. ६१ हा ‘सी शार्प’ की ‘डी फ्लॅट’, हे मग संगणक अंदाजाने लिहितो.