किरणोपचाराचा नकाशा

कर्करोगावरील किरणोपचार म्हटला की, एक अवाढव्य यंत्र आणि त्यातून रोगावर पडणारा किरण एवढेच चित्र सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ते यंत्र सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना रुग्णाच्या देहाचा एक नकाशा तयार करावा लागतो, आणि उपचाराचे पुष्कळसे यश त्या नकाशावर अवलंबून असते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे ध्यानात येते.

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. तिच्या वर मूत्राशय, पाठीमागे गुदाशय, आणि मूत्रनलिका तर तिच्या मधूनच गेलेली. किरण कर्कपेशींचा नाश करतात, पण शेजारच्या निरोगी पेशींनाही ते इजा करतात. मात्रा कमी पडली तर रोग उलटतो. ती शेजारच्या अवयवांवर गेली तर रोग हटूनही वारंवार लघवी होणे, शौचावाटे रक्त जाणे अशा व्यथा मागे राहू शकतात. म्हणून ग्रंथीची सीमा नेमकी कोठे आहे, हा पहिला प्रश्न.

रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे स्पष्ट दिसतात, प्रोस्टेट दिसत नाही. त्यामुळे पुष्कळ वर्षे डॉक्टर कमरेच्या हाडांवरून ग्रंथीच्या जागेचा अंदाज बांधीत आणि भोवती बरीच मोठी चौकट आखीत. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि पुढे साऱ्या देहाचे आडवे छेद पाहता येऊ लागले. सीटीमध्ये अवयव तर दिसतातच, शिवाय प्रत्येक ठिकाणच्या घनतेला एक आकडा मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००. देहातून जाताना किरण कोठे किती क्षीण होतील, याचे गणित ह्याच आकड्यांवरून मांडतात.

मात्र प्रोस्टेट आणि तिच्या भोवतीचे स्नायू यांच्या घनतेत फारसा फरक नसतो. साहजिकच सीटीवर तिच्या कडा पुसट दिसतात, आणि ती आहे त्याहून मोठी आखली जाते. येथे एमआरआय उपयोगी पडते. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने घेतलेल्या ह्या चित्रात ग्रंथीची कड स्पष्ट होते, आणि पुष्कळदा आतील मुख्य गाठही ओळखू येते. म्हणून दोन्ही चित्रे संगणकावर एकावर एक बसवतात. सीमा एमआरआयवरून ठरते, गणित सीटीवरून होते.

गाठ दिसण्याचा लाभ मोठा आहे. नेदरलँड्स व बेल्जियम येथे ५७१ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काहींच्या गाठीवर, तेवढ्याच जागी, जादा मात्रा देण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षे रोग न उलटलेल्यांचे प्रमाण शेकडा ८५ वरून ९२ वर गेले. आणि त्यासाठी शेजारच्या अवयवांना अधिक त्रास सोसावा लागला नाही.

सीमा आखली तरी काम संपत नाही. वहीच्या पानाला समास सोडतात, तसा ह्या सीमेबाहेरही थोडा समास ठेवावा लागतो. कारण मूत्राशय भरले किंवा गुदाशयात वायू साठला की ग्रंथी काही मिलिमीटर सरकते. समास अरुंद असेल तर सरकलेली ग्रंथी किरणांबाहेर राहील. रुंद असेल तर गुदाशयाचा भाग किरणांत सापडेल. म्हणून दररोज उपचारापूर्वी पुन्हा चित्र घेऊन ग्रंथीची जागा तपासतात. त्यासाठी कधी कधी ग्रंथीत सोन्याचे बारीक कण आधीच रोवून ठेवतात. ते चित्रात खुणेसारखे दिसतात.

हे काही मिलिमीटर क्षुल्लक नव्हेत. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १५६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सीटीच्या आधाराने ४ मिलिमीटरांचा, तर उपचार चालू असतानाच घेतलेल्या एमआरआयच्या आधाराने २ मिलिमीटरांचा समास ठेवला होता. पहिल्या तीन महिन्यांत लघवीचा लक्षणीय त्रास सीटीच्या गटात शंभरांपैकी सुमारे ४३ जणांना झाला. एमआरआयच्या गटात २४ जणांना.

ह्या नकाशात रुग्णाचाही वाटा असतो. नियोजनाच्या दिवशी मूत्राशय जितके भरलेले आणि गुदाशय जितके रिकामे होते, तितकेच ते दररोज असावे लागते. ठरलेले पाणी ठरलेल्या वेळी पिणे, पोट साफ ठेवणे ह्या सूचना म्हणूनच दिलेल्या असतात. बद्धकोष्ठ, वायू, लघवी न आवरणे ह्या गोष्टी पुष्कळ पुरुष संकोचापोटी सांगत नाहीत. त्या यंत्रावर झोपण्यापूर्वीच तेथील तंत्रज्ञाला सांगाव्यात. तो पंधरावीस मिनिटे थांबवील, क्वचित दुसऱ्या दिवशी बोलावील. पण किरण जेथे पडावयाचे तेथेच पडतील.