शाडूचा इसीसॉरस आणि अडून बसलेला उजवा हात

पक्षाघातानंतर घरी आलेल्या माणसाच्या हाती आपण रबरी चेंडू देतो आणि म्हणतो, "दाबा." चार दिवस तो दाबतो, पाचव्या दिवशी चेंडू उशीखाली सापडतो. आपल्या घरी असे घडले असेल, तर त्याला आळस म्हणू नका. ज्या हाताने आयुष्यभर काही ना काही घडवले, त्याला काहीच न घडवणारी हालचाल अपमानास्पद वाटू शकते.

मुरुडला आमच्या घरी हेच झाले. वडील निवृत्त शिक्षक. उजवा हात कोपरातून उचलला जाई, पण बोटांत जोर नव्हता. चेंडूचे नाव काढताच ते खिडकीतून सुपारीच्या वाडीकडे पाहत बसत. वाट निघाली ती नातवाच्या हट्टातून. त्याला दुकानातला प्लास्टिकचा डायनोसॉर हवा होता. "तो परदेशी. आपण आपल्याकडचा करू," वडील म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही मागितले: पेणहून शाडूची माती.

आपल्याकडचा म्हणजे इसीसॉरस. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना त्याचा सांगाडा सापडला. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आजचे नाव मिळाले. लांबी सुमारे १८ मीटर, आहार वनस्पतींचा, पुढचे पाय चांगलेच लांब. आपल्या कोकणात असे अवशेष शोधण्यात अर्थ नाही. येथला काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात, उसळलेला लाव्हा.

साठास एक हे प्रमाण धरले, तर हा प्राणी ३० सेंटिमीटरचा, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा होतो. या सांगाड्याची कवटी मिळालेली नाही आणि कातडीचा रंग कोणी पाहिलेला नाही. आजारी माणसाच्या दृष्टीने यासारखी सोय नाही: चेहरा चुकला, रंग चुकला, असे म्हणणार कोण?

माती रात्रभर भिजवा आणि पोळीच्या कणकेहून किंचित घट्ट मळा. मळणे दोन्ही हातांनी होऊ द्या. दुबळा हात नुसता टेकलेला असला तरी चालेल. चिरा पडू नयेत म्हणून मातीत पिंजलेला कापूस मिसळावा. पाय जाड ठेवा, पोटाखाली वर्तमानपत्राची गुंडाळी द्या आणि मान फार उंच नेऊ नका. आमची दोनदा मोडली. सुकवायचे ते सावलीत. मुरुडच्या खाऱ्या, दमट हवेत आठवडा सहज जातो. घाईने उन्हात ठेवलेली माती तडकते.

रंगकामात खरी गोडी आहे. आधी पांढरा हात, मग करडा किंवा तांबूस पातळ थर. तो वाळला की कुंचला फिकट रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि अंगावरून हलकेच फिरवा. मातीवर उमटवलेल्या सुरकुत्यांचे उंचवटे तेवढे उजळतात आणि कातडी जिवंत दिसू लागते. पकड कमजोर असेल, तर कुंचल्याच्या दांड्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून तो जाड करा. पाटाखाली ओले फडके घातले की पाट सरकत नाही.

आता माझी चूक सांगते. वडिलांनी तासभर खपून केलेला एक पाय आखूड झाला होता. ते झोपल्यावर मी तो गुपचूप नीट केला. सकाळी त्यांनी प्राणी हातात घेतला, पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा माझा नाही." तीन दिवस त्यांनी मातीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मी केलेला पाय त्यांनी डाव्या हाताने तोडला आणि उजव्या हाताने नवा वळायला घेतला. तो पहिल्याहून आखूड झाला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. सेवा करणाऱ्यांना हे जड जाते, पण तेवढे करा.

काही पथ्ये मात्र पाळाच. एका बैठकीला वीस मिनिटे पुरेत. खांदा वर ओढला जाऊ लागला किंवा दुखू लागले, की थांबावे. कोणती हालचाल कितपत करायची, हे आपल्या उपचारतज्ज्ञांना विचारून ठरवा. सांधे आखडत असतील, तर आधी कोमट पाण्यात हात धरा. पण पक्षाघात किंवा मधुमेहामुळे संवेदना कमी असेल, तर पाणी दुसऱ्याने तपासावे. वाळलेली माती कागदाने घासू नका, धूळ छातीत जाते. ओल्या स्पंजने पुसा. रंग पाण्यात मिसळणारे, मुलांसाठीचे घ्यावेत, थिनर लागणारे नकोत. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती रंग किंवा माती तोंडात घालू शकते, म्हणून तिला एकटे सोडू नये. सांडलेले पाणी लगेच टिपा.

वडिलांच्या बोटांत पूर्वीचा जोर आलेला नाही. सदऱ्याचे वरचे बटण अजून मीच लावते; खालची ते लावतात.

दिवाळीत नातवाने अंगणात पद्मदुर्ग बांधला. मावळे तटावर उभे राहिले आणि इसीसॉरस दरवाजापाशी. पाय आखूड असल्याने तो एका बाजूला कलला होता. "आजोबा, हा असा का?" नातवाने विचारले. वडिलांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हातारा आहे तो. पण पहारा देतो."