सर्दीची गोळी एक, घरातली माणसे अनेक

पावसाळा सरत आला की आपल्याकडे शिंकांचा मोसम सुरू होतो. रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरून जाते. शेतात कापणी-मळणीची धूळ उडते आणि घराच्या भिंतींवर ओलीची काळी बुरशी उरलेली असते. अशा दिवसांत काहींना पहाटे उठताच सलग दहा-बारा शिंका येतात, नाक पाण्यासारखे वाहते, डोळे आणि टाळू खाजतात. अंगात ताप नसतो, हातपायही दुखत नाहीत. साधी सर्दी आठवड्यात बरी होते, ही मात्र महिना-महिना हटत नाही. तिला 'हे फीवर' म्हणतात. नावात ताप असला तरी या आजारात ताप येत नाही. ही परागकण, धूळ, बुरशी यांची अ‍ॅलर्जी असते.

हा आजार आजकालचा नाही. इराणच्या रै शहरातले थोर हकीम अबू बकर मुहम्मद बिन जकरिया राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी त्यावर लिहून ठेवले आहे. वसंतात गुलाब फुलले की अबू जैद बल्खी या विद्वानांचे नाक का वाहते, हा त्यांच्या एका छोट्या ग्रंथाचा विषय होता. युरोपात जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी स्वतःच्याच या दुखण्याचे वर्णन मांडले ते १८१९ साली.

आज त्यावर औषधे भरपूर आहेत आणि अडचण नेमकी तिथेच आहे. कपाटात सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी असते. अब्बांना शिंका आल्या, दिली एक. मुलीचे नाक बंद झाले, दिली एक. धाकट्याला अर्धी मोडून दिली. गोळी तीच, पण घेणारी शरीरे वेगवेगळी आहेत हे आपण विसरतो.

एका गोळीत दोन-तीन औषधे

सर्दीच्या बहुतेक गोळ्या मिश्रणाच्या असतात. परागकण नाकात गेले की अ‍ॅलर्जी असलेले शरीर त्यांना शत्रू समजते आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. शिंका, खाज आणि वाहणारे नाक ही त्याचीच करामत. हे हिस्टामिन रोखणारे औषध म्हणजे अँटिहिस्टामिन. क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही त्यातली नेहमीची नावे.

नाक चोंदते ते मात्र आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. त्या आकुंचित करण्यासाठी मिश्रणात दुसरे औषध घालतात, ते डिकंजेस्टंट. आपल्याकडच्या गोळ्यांत बहुधा फेनिलएफ्रिन असते. आखातातून घरची माणसे जी पाकिटे आणतात, त्यांत स्यूडोएफेड्रिन असू शकते. कित्येक गोळ्यांत याशिवाय पॅरासिटामॉलही असते.

म्हणून पट्टीवरचे मोठे नाव वाचून भागत नाही. त्याखालच्या बारीक अक्षरांत कोणकोणती औषधे आहेत ते वाचावे. सर्दीची एक गोळी आणि अंगदुखीची दुसरी अशा दोन्ही घेतल्या, तर पॅरासिटामॉल दुप्पट पोटात जाते. धडधाकट प्रौढ माणसालाही दिवसभरात ते ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्यापुढे यकृताला इजा होऊ शकते. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

कोणी जपून राहावे

डिकंजेस्टंट फक्त नाकातल्याच रक्तवाहिन्या आवळत नाही, साऱ्या शरीरातल्या आवळते. त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो, छातीत धडधडते, झोप उडते. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा विकार, काचबिंदू किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनीही आधी विचारावे. प्रोस्टेट वाढलेल्या बुजुर्गांची लघवी या गोळीने अडू शकते. नैराश्यावरची काही औषधे आणि ही गोळी एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक वाढतो. म्हणून आधीची औषधे दुकानदाराला आणि डॉक्टरांना जरूर सांगावीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी स्वतःच्या मनाने ती घेऊच नये. स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकते.

अँटिहिस्टामिनची गोष्ट वेगळी. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे गुंगी आणतात, तोंड कोरडे पाडतात. वयस्कर माणसांना त्यांनी गोंधळल्यासारखे होते, तोल जातो आणि रात्री उठताना पडण्याचा धोका असतो. रिक्षा, ट्रक किंवा दुचाकी चालवणाऱ्यांनी, यंत्रमागावर उभे राहणाऱ्यांनी ही गोळी घेऊन कामावर जाऊ नये. आम्ही शिक्षक वर्गात पाहतो, परीक्षेच्या दिवशी सर्दीची गोळी घेऊन आलेले मूल पेपर समोर असताना डुलक्या काढते. अभ्यास झालेला असतो, पण डोके साथ देत नाही. सेटिरिझिननेही काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन यांनी ती फार कमी येते. मुलाला रोजची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना हे सांगून गोळी बदलून घ्यावी.

लहान मुलांना नको

क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर आणि पट्टीवर छापा, असे आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना बजावले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात अशाच मिश्रणाच्या एका सिरपने वीसहून अधिक कोवळे जीव गेले. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले आणि मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोष भेसळीचा होता. पण चार वर्षांखालच्या ज्या मुलांना ते दिले गेले, त्यांना हे मिश्रण द्यायलाच नको होते. तान्ह्या बाळाच्या नाकाला मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब आणि आईचे दूध पुरते. मोठ्यांची गोळी मोडून किंवा विरघळवून बाळाला देणे म्हणजे खेळ नव्हे.

नाकाच्या थेंबांचे व्यसन

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे नाक मोकळे करणारे थेंब पाच मिनिटांत आराम देतात. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर उलट घडते. औषधाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होते, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि हे चक्र महिनोन्महिने चालते. 'थेंबाशिवाय झोपच येत नाही' असे घरात कोणी म्हणत असेल, तर आजार आता थेंबांचाच आहे असे समजावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

तोंडाने घ्यायच्या फेनिलएफ्रिनबद्दल आणखी एक गोष्ट कळायला हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले, की नेहमीच्या मात्रेत ही गोळी चोंदलेले नाक मोकळे करीत नाही. म्हणजे रोजच्या अ‍ॅलर्जीत मिश्रणाची गोळी महिनाभर खात राहण्याने लाभ थोडा आणि जोखीम वाढती. अशा वेळी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टर देतात, तो जास्त कामाचा असतो. 'स्टेरॉइड' शब्दाने घाबरू नये. त्याची मात्रा अगदी अल्प असते आणि ती बहुतांशी नाकातच काम करते. मात्र पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे नियमाने वापरावा लागतो.

रमजानमध्ये

रोजाच्या दिवसांत एक चूक हमखास होते. दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी इफ्तार ते सहरी या वेळेत तीनदा कोंबली जाते. दोन मात्रांमधले अंतर असे कमी केले की औषध अंगावर येते. त्यापेक्षा रमजानआधीच डॉक्टरांना भेटून चोवीस तासांतून एकदाच घ्यायची गोळी लिहून घ्यावी. गुंगी आणणारी गोळी असेल तर ती तरावीहनंतर, रात्रीची उरलेली कामे उरकून घ्यावी. सहरीला ती घेतली तर फजरनंतर दिवसभर सुस्ती राहते. फेक्सोफेनाडिन घेणाऱ्यांनी ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी. सफरचंद, संत्रे किंवा मोसंबीच्या रसाबरोबर घेतली तर ती शरीरात नीट शोषली जात नाही. इफ्तारच्या दस्तरखानावर रस असतोच, म्हणून गोळी आणि रस यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे.

रोजात नाकाचा फवारा किंवा थेंब चालतात का, हा प्रश्न आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावा. आजारी माणसाला रोजा पुढे कजा करण्याची सवलत सूरह बकरामध्ये अल्लाहनेच दिलेली आहे. दम्याचा झटका आलेला असताना औषध टाळणे हा तकवा नव्हे. जीव ही अल्लाहची अमानत आहे.

गोळीआधीचे उपाय

वुजूत नाकात पाणी घेऊन ते स्वच्छ करण्याची सवय आपल्याला आहेच. परागकण धुऊन काढायला तिचा फायदा होतो. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे असेल तर पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे. गोधड्या, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. गाजरगवत उपटताना, बकरी ईदसाठी आणलेल्या जनावराला कडबा टाकताना किंवा मळणीच्या जागी तोंडावर रुमाल नाही, मास्क बांधावा. घरात अ‍ॅलर्जीचा माणूस असेल तर बंद खोलीत लोबान, अगरबत्ती पेटवू नये. त्याच्या शेजारी बसताना तीव्र अत्तरही टाळावे.

श्वासात शिट्टीसारखा आवाज, धाप, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण वास, गालाच्या हाडात ठणका आणि ताप, यांपैकी काही दिसले तर गोळीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आज रात्री इशानंतर घरातला औषधांचा डबा दस्तरखानावर रिकामा करा. मुदत संपलेल्या पट्ट्या बाजूला काढा. उरलेल्यांवर मराठीत लिहा: यात काय आहे, घरात कोणाला चालते, कोणाला चालत नाही. मुलांनाच लिहायला सांगा. दादाजानच्या नावापुढे 'नाही' का लिहिले, हे त्यांना एकदा कळले की पुढच्या वेळी तेच आपला हात धरतील.