घरातील मारहाण आणि एचआयव्ही

रोडपालीला लागूनच कळंबोलीचा पोलाद बाजार आहे आणि तिथे मालमोटारींची सतत वर्दळ असते. अशा ठिकाणी एड्सचा विषय निघाला की लोकांचे बोट लगेच रस्त्याकडे वळते. आम्ही मात्र उंबरठ्याच्या आतले बोलणार आहोत.

पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. पतीखेरीज कोणाशीही संबंध न आलेल्या स्त्रियाही त्यांत होत्या.

पुढे २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील २८,१३९ विवाहितांची माहिती अभ्यासली गेली. पतीकडून हिंसा न झालेल्या स्त्रियांत लागणीचे प्रमाण हजारी सुमारे २ होते. मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही सोसणाऱ्यांत ते हजारी सुमारे ७ होते. नुसत्या मारहाणीने मात्र अशी स्पष्ट वाढ दिसली नाही.

असे का व्हावे? थपडेतून विषाणू जात नाही, हे उघडच आहे. पण जबरदस्तीच्या संबंधात योनीच्या नाजूक अस्तराला बारीक चिरा पडतात आणि विषाणूला वाट मिळते. निरोध वापरा म्हणावे, तर संशय आणि पुन्हा मार! शिवाय याच पाहणीतील जोडप्यांच्या अभ्यासात, पत्नीवर हिंसा करणाऱ्या पुरुषांतच लागण अधिक आढळली. म्हणजे धोका दुहेरी. अर्थात अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही वर्गात सांगायला हवे.

भीती तपासणीनंतरही सुटत नाही. गोळ्या लपवून ठेवाव्या लागल्या की मात्रा चुकतात आणि रक्तातील विषाणू पुन्हा वाढतात. एरवी नियमित औषधाने ते इतके कमी होतात की लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

‘पतीशी एकनिष्ठ राहा’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना आपण थोडे थांबावे. समोरच्या एखाद्या मुलीची आई एकनिष्ठच असेल, आणि तरीही आजारी. तिला दोष देणारा धडा त्या मुलीने कसा ऐकावा?

कोणी विश्वासाने काही सांगितले, तर माहिती हाताशी असावी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लैंगिक छळालाही हिंसाच मानतो. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही. महिलांसाठी १८१ आणि एड्सच्या माहितीसाठी १०९७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. जबरदस्तीनंतर लागण टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सुरू करावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते.